जुन्या शेवी सी-१० ला नवं स्टिअरिंग व्हील: निवड नटाखालून सुरू करा

१९६७ ते १९७२ या सालांतला शेव्हरोले सी-१० पिकअप अमेरिकेतल्या जुन्या ट्रकांच्या हौशी मंडळींचा जीव की प्राण. ‘सी’ म्हणजे टू-व्हील ड्राइव्ह आणि ‘१०’ म्हणजे अर्ध्या टनाच्या वर्गातला. आमच्या ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या बाजूला असे ट्रक अजून बरे सापडतात, कारण इथल्या कोरड्या हवेत पत्रा सहसा गंजत नाही. दाराखालचा पत्रा, बॉनेटचे कोपरे, बेडची, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या भागाची, जमीन, सगळं ठणठणीत. मात्र काचेतून वर्षानुवर्षं आत येणारं ऊन प्लास्टिक आणि रबर यांना खाऊन टाकतं. म्हणून पन्नास वर्षांचा सुरेख ट्रक असतो आणि त्याच्या स्टिअरिंगला वाळलेल्या भाकरीसारख्या भेगा पडलेल्या असतात.

या भेगा का पडतात ते समजून घेतलं तर पुढचे निर्णय सोपे जातात. मूळ व्हीलमध्ये आत लोखंडी कडं आणि लोखंडी आरे असतात, आणि त्यावर कडक प्लास्टिक ओतलेलं असतं. वर्षं जातात तसं प्लास्टिक आकसतं, लोखंड आकसत नाही. ताण साचत जातो आणि जिथे आरा कड्याला मिळतो तिथे तो सुटतो. बहुतेक भेगा त्याच जोडांपाशी दिसतात.

व्हील बदलायचं म्हटलं की प्रत्येक जण आधी कॅटलॉग उघडतो, चकचकीत ॲल्युमिनियमचं किंवा अक्रोडाच्या लाकडाचं एखादं आवडतं, ते घरी येतं आणि मग ते शाफ्टवर, म्हणजे व्हील फिरवलं की फिरणाऱ्या दांड्यावर, बसत नाही, हॉर्न वाजत नाही, इंडिकेटर परतत नाही, किंवा पार्किंगमध्ये ट्रक वळवताना खांदे भरून येतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ही निवड उलट्या क्रमाने करा. आधी शाफ्ट आणि कॉलम (शाफ्टभोवतीची नळी), मग व्यास, मग खोली, मग हब (व्हीलचा शाफ्टवर बसणारा मधला भाग) आणि हॉर्न, आणि रंगरूप अगदी शेवटी. वरच्या चार गोष्टी पक्क्या झाल्या की कॅटलॉगमधली बहुतेक व्हील्स आपोआप गळतात, आणि उरलेल्यांतलं मनाला येईल ते खुशाल घ्या.

बदलायलाच हवं का?

मूळ व्हील ट्रकमध्ये असेल तर ते फेकू नका, विकूही नका. भेगा कितीही भयाण दिसल्या तरी आतलं लोखंडी कडं सरळ असेल आणि हबच्या खाचा शाबूत असतील, तर ते दुरुस्त होतं. खर्च किरकोळ, वेळ मात्र द्यावा लागतो.

पद्धत अशी. व्हील काढून साबणाच्या पाण्याने आणि मग ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने धुवा. पन्नास वर्षांचा हातांचा घाम आणि डॅशबोर्डला लावायच्या पॉलिशचं सिलिकॉन त्यात मुरलेलं असतं. ते राहिलं तर वर काहीच चिकटणार नाही. प्रत्येक भेग छोट्या कानसने किंवा रोटरी टूलने इंग्रजी ‘व्ही’ आकारात रुंद करा, थेट आतल्या लोखंडापर्यंत. इथे हात आखडता घेऊ नका. अरुंद भेगेवर नुसतं वरून लिंपलेलं एपॉक्सी पहिल्याच उन्हाळ्यात सुटतं. उघड्या पडलेल्या लोखंडावरचा गंज खरवडा. मग दोन भागांचं घट्ट एपॉक्सी दाबून भरा. या कामाला अमेरिकेत पीसी-७ नावाचं एपॉक्सी फार वर्षं वापरलं जातं, कारण ते ओघळत नाही. पृष्ठभागाच्या थोडं वर येईल इतकं भरा आणि पूर्ण दिवस सुकू द्या. नंतर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आकार आणा, १८० ने गुळगुळीत करा, ३२० ने शेवट करा. आऱ्याच्या जोडाजवळचा गोलवा बोटांनी चाचपत घासा, तिथे डोळ्यांपेक्षा बोटं जास्त खरं सांगतात. त्यावर जाड थराचा प्रायमर, पुन्हा घासणं, आणि शेवटी युरेथेन रंग. डब्यातला साधा स्प्रे रंग हाताच्या घामाने लवकर निघतो, तो टाळा.

दुरुस्ती नको असेल आणि मूळ रूपच हवं असेल तर या सालांच्या व्हील्सच्या नव्या प्रतिकृती मिळतात. त्या घेताना १९६७–६८ आणि १९६९–७२ यांतला फरक विक्रेत्याकडून नीट तपासून घ्या. ट्रक सीएसटी किंवा शायेन या वरच्या ट्रिमचा असेल आणि तुम्ही तो मूळ स्थितीत आणत असाल, तर हा रस्ता सर्वांत योग्य. अशा ट्रकात मोठं बिलेट, म्हणजे धातूच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेलं, व्हील मला तरी खुपतं.

आतलं कडं वाकलेलं असेल, हब सैल झाला असेल, किंवा आधीच्या कुणी तिथे वेल्डिंग केलेलं दिसत असेल, तर मात्र दुरुस्तीचा विचार सोडून द्या.

ट्रकचं साल विसरा, कॉलम ओळखा

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, “ट्रक कुठल्या सालचा?” खरं तर प्रश्न हवा, “कॉलम कुठल्या सालचा?” या ट्रकांची गेल्या पन्नास वर्षांत इतक्या हातांनी डागडुजी झाली आहे की कॉलम मूळचाच असेल याची खात्री नाही. वर-खाली होणारं टिल्ट स्टिअरिंग हवं म्हणून अनेकांनी नंतरच्या जीएम (जनरल मोटर्स, शेव्हरोलेची मूळ कंपनी) गाड्यांचे कॉलम यात बसवलेत. काहींनी आयडिडिट (ididit) किंवा फ्लेमिंग रिव्हर या कंपन्यांचे नवेकोरे कॉलम घातलेत.

ओळखायच्या दोन-तीन खुणा सांगतो. मूळ १९६७–७२ च्या ट्रकात किल्ली डॅशबोर्डवर असते. किल्ली कॉलमवर असेल तर कॉलम बदललेला आहे, कारण शेवीच्या पिकअपमध्ये किल्ली कॉलमवर आली ती १९७३ च्या पिढीत. कॉलम टिल्ट होत असेल तरी शंका घ्या. आणि हॉर्नची टोपी काढून नट पाहा. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात जीएमने हा नट मेट्रिक केला, एम१४ आणि १.५ मिलिमीटर पिचचे आटे. त्याआधीचे नट इंची. इंची शाफ्टवर मेट्रिक नट दोन आटे फिरतो, मग अडतो, आणि जोर लावला तर शाफ्टचे आटेच जातात. नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, हा साधा नियम पाळा.

शाफ्टवरच्या उभ्या खाचांना स्प्लाइन म्हणतात. जीएमच्या या काळातल्या शाफ्टवर ३६ स्प्लाइन असतात. बाजारात बदली व्हील्ससाठी जे हब मिळतात त्यांत ‘१९६९ ते १९९४ जीएम’ असा एक मोठा गट आहे. आयडिडिटचे कॉलमही याच गटाची व्हील्स घेतात. १९९४ ला हा गट संपतो त्यालाही कारण आहे. १९९५ पासून जीएमच्या मोठ्या पिकअपमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग आली आणि व्हीलची सगळी रचनाच बदलली. १९६७–६८ च्या मूळ कॉलमसाठी मात्र हबच्या यादीत वेगळी नोंद शोधा. त्या दोन वर्षांना सरसकट १९६९ च्या गटात धरू नका.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. एअरबॅग असलेल्या कुठल्याही व्हीलला किंवा कॉलमला हा लेख लागू नाही. त्याला स्वतः हात लावू नका.

महाराष्ट्रात ज्यांच्याकडे महिंद्राची जुनी जीप किंवा फॉरवर्ड कंट्रोल पिकअप आहे त्यांना वरचे आकडे उपयोगी नाहीत, तो शाफ्टच वेगळ्या घराण्याचा. पण शाफ्टपासून मोजत वर यायची पद्धत तिथेही तीच.

व्यास: इथे घाई करू नका

सगळ्या निवडीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही. या ट्रकांचं मूळ व्हील साधारण १६–१७ इंची असतं. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत स्वतः मोजा. बाजारातली बहुतेक बदली व्हील्स १३.५ ते १५ इंची. ती देखणी दिसतात, पाय हलवायला जागा मिळते, म्हणून मोह होतो.

आता हिशेब बघा. स्टिअरिंग बॉक्सला फिरायला ठरावीक पीळ लागतो. तो पीळ म्हणजे तुमच्या हाताचा जोर गुणिले व्हीलची त्रिज्या. त्रिज्या घटली की जोर त्याच प्रमाणात वाढतो. १७ इंचांवरून १५ वर आलात तर साधारण १३ टक्के जास्त जोर लागतो. १७ वरून १४ वर आलात तर २१ टक्के. कागदावर हे किरकोळ वाटतं. उभ्या ट्रकमध्ये, दुकानासमोरच्या अरुंद जागेत, उन्हात मऊ झालेल्या डांबरावर ते अजिबात किरकोळ नसतं.

म्हणून पहिला प्रश्न: पॉवर स्टिअरिंग आहे की नाही? सी-१० मधला साधा, विनापॉवर बॉक्स जीएमच्याच सॅगिनॉ विभागाचा, आत गोळ्यांवर फिरणारा नट असलेला. त्याचं गुणोत्तर मुद्दाम संथ ठेवलेलं असतं, म्हणजे व्हील जास्त फिरवायचं पण जोर कमी. कारखान्याने मोठं व्हील आणि संथ बॉक्स ही जोडी एकमेकांच्या भरवशावर दिली. त्यातलं एक काढलंत की दुसऱ्यावर भार येतो. साधा बॉक्स असेल तर माझं स्पष्ट मत: १६ इंचांच्या खाली जाऊ नका. पॉवर स्टिअरिंग असेल तर १५ इंच हा उत्तम मध्य, आणि १४ देखील चालेल. त्याहून लहान व्हील रस्त्यावरच्या ट्रकला शोभत नाही आणि मानवतही नाही. पॉवर बॉक्सला आधीच हलका हात लागतो, त्यात व्हील फार लहान केलं तर हायवेवर ट्रक चंचल होतो. बोटाचा थोडा हलावाही टायरपर्यंत पोचतो.

टायरही लक्षात घ्या. मूळ ट्रकात अरुंद टायर होते. आता बहुतेकांनी ट्रक खाली बसवून पुढे रुंद टायर घातलेत. रुंद टायर उभ्या जागी वळायला जास्त जोर मागतो. तुमचं स्टिअरिंग आत्ताच जड वाटत असेल तर आधी हवा तपासा, पुढची सगळी ग्रीस निपलं भरा, अलाइनमेंट करून घ्या. मगच व्यासाचा विचार करा.

आणखी एक बारकावा, जो कॅटलॉग सांगत नाही. स्टिअरिंगमध्ये प्ले असेल, म्हणजे व्हील हलतं पण टायर हलत नाही असा मोकळा भाग असेल, तर लहान व्हीलवर तो कमी वाटतो. समजा प्ले १० अंशांचा आहे. १७ इंची व्हीलच्या कडेवर तो जवळजवळ दीड इंच दिसेल, १४ इंची व्हीलवर सव्वा इंच. ट्रक सुधारल्यासारखा भासतो, पण प्ले तेवढाच असतो. तो झिजलेल्या रबरी कपलिंगमधून, टाय रॉडच्या (पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्यांच्या) सांध्यांतून किंवा बॉक्समधून येतो, आणि व्हील बदलण्याआधी त्याचा बंदोबस्त करणं फार महत्त्वाचं आहे. पुढची चाकं जमिनीवर ठेवून एकाला व्हील हळू डावी-उजवी हलवायला सांगा आणि तुम्ही खाली बघा. कुठपर्यंत हालचाल पोचते आणि कुठे थांबते ते डोळ्यांनी दिसतं.

आता पुठ्ठ्याचं काम. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या. १४, १५ आणि १६ इंचांच्या तीन चकत्या कापा, मधला भाग कापून फक्त कडं ठेवा. एकेक कडं मूळ व्हीलवर चिकटपट्टीने मधोमध लावा आणि सीटवर नेहमीसारखे बसा. स्पीडोमीटरचा वरचा भाग आणि इंडिकेटरचे हिरवे बाण दिसतात का? मोठ्या व्हीलच्या वरच्या मोकळ्या जागेतून जे दिसायचं ते लहान व्हीलचं कडं झाकू शकतं. इंधनाचा काटा झाकला गेला तर लांबच्या प्रवासात फार त्रास होतो. पुठ्ठा फुकट आहे, व्हील नाही. ही पायरी गाळू नका.

युरोपी कंपन्या व्यास मिलिमीटरमध्ये देतात. ३५० म्हणजे पावणेचौदा इंचांच्या किंचित वर, ३८० म्हणजे १५ इंच.

खोली, गुडघे आणि गिअरचा दांडा

कडं हबपासून किती मागे, म्हणजे तुमच्याकडे, आलेलं आहे याला खोली म्हणू. कॅटलॉगमध्ये याला डिश म्हणतात. तुमच्या छातीपासून कड्याचं अंतर तीन गोष्टींनी ठरतं: शाफ्टची लांबी, हबची उंची आणि व्हीलची डिश. लोक फक्त डिश बघतात आणि हबची उंची विसरतात. दोन्हींची बेरीज मूळ व्हीलइतकी यावी असं बघा.

सी-१० मध्ये सलग बाकडं असतं, आणि या पिढीत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये बाकड्याच्या मागेच आहे. त्यामुळे सीट मागे सरकवायला मर्यादा. कडं दोन इंच पुढे आलं तर तुम्ही दोन इंच मागे सरकून भरपाई करू शकत नाही, हे उंच आणि धिप्पाड माणसांनी विशेष लक्षात ठेवावं.

याला सुरक्षेचीही बाजू आहे आणि ती मला गंभीर वाटते. टक्कर झाली की आत दबणारे कॉलम जीएमने १९६७ साली आपल्या मोटारींत आणले. ड्रायव्हरला स्टिअरिंगच्या माऱ्यापासून वाचवण्याचा अमेरिकी सरकारचा नियम १ जानेवारी १९६८ पासून प्रवासी मोटारींना लागू झाला. पिकअप ट्रकांना तो बऱ्याच उशिरा लागला. म्हणजे या ट्रकात तुमच्या आणि लोखंडी दांड्याच्या मध्ये संरक्षण म्हणावं असं फार काही नाही. एअरबॅगच्या गाड्यांना छातीपासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत १० इंच अंतर ठेवायला सांगतात. इथे एअरबॅग नाही, तरी तेवढं अंतर हवंच, आणि खांद्यावरून येणारा पट्टा बसवलेला नसेल तर व्हीलच्या आधी तो बसवा. टणक, सपाट, धारदार कडांच्या आऱ्यांचं व्हील मी या कारणासाठीही टाळतो.

तुमच्या ट्रकचा गिअर कॉलमवर असेल तर गिअर टाकताना बोटांची पेरं आणि कडं यांत दोन बोटांची जागा राहते ना ते बघा. तसंच, कड्यावरचा हात न सोडता इंडिकेटरच्या दांडीपर्यंत बोट पोचलं पाहिजे. हब फार उंच असेल तर ते पोचत नाही.

हब आणि बोल्टांचं वर्तुळ

बदली व्हील सहसा दोन तुकड्यांत येतं. हब शाफ्टवर बसतो आणि व्हील हबवर बोल्टांनी. कोणत्या व्हीलला कोणता हब हे बोल्टांच्या संख्येवर आणि ते ज्या वर्तुळावर आहेत त्याच्या व्यासावर ठरतं. मोमो, स्पार्को आणि ओएमपी यांचे सहा बोल्ट ७० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात. नार्दी आणि पर्सनल यांचे सहा बोल्ट ७४ वर. नजरेला दोन्ही सारखेच दिसतात, आणि चार मिलिमीटरसाठी भोकं कानसने लांबवायचा मोह होतो. ते मुळीच करू नका. भोक लांबवलं की बोल्टला पकड उरत नाही, आणि या जोडावर तुमचा जीव असतो. दोन वर्तुळांना जोडणारी तयार रिंग मिळते, ती घ्या.

अमेरिकी ग्रँट कंपनीची व्हील्स तीन किंवा पाच बोल्टांच्या नमुन्यात येतात आणि त्यांचे हब वेगळे विकत घ्यावे लागतात. बिलेट ॲल्युमिनियमच्या अमेरिकी व्हील्समध्ये नऊ बोल्टांचाही नमुना प्रचलित आहे. म्हणून एकाच घराण्याचं व्हील, हब आणि हॉर्नचं बटण घेणं सर्वांत सरळ. किंमत बघताना तिन्हींची बेरीज करा. स्वस्त दिसणारं व्हील हब आणि बटणासकट अनेकदा महागात पडतं.

नावाजलेल्या इटालियन व्हील्सच्या नकला ऑनलाइन ढिगाने मिळतात. अनेक खऱ्या मोमो व्हील्सच्या मागे जर्मन केबीए मान्यतेचा क्रमांक कोरलेला असतो. तो बघा, वजन हातात घेऊन बघा, आणि किंमत फारच कमी असेल तर सोडून द्या. जुन्या बाजारातून घेत असाल तर व्हील सपाट टेबलावर पालथं ठेवून डुगडुगतं का पाहा, आणि आऱ्यांच्या मुळाशी केसाएवढ्या रेषा दिसतात का ते भिंगाने तपासा.

झटकन निघणाऱ्या क्विक रिलीज हबबद्दल लोक विचारतात. रेसिंगसाठी ते ठीक. रोजच्या ट्रकला तो आणखी एक झिजणारा सांधा होतो, आणि खोलीत इंचभर भर पडते ती वेगळीच.

हॉर्न आणि इंडिकेटर

नवं व्हील बसवल्यावर सर्वांत जास्त डोकं इथे खपतं. या ट्रकांत हॉर्नच्या बटणाकडे येणारी तार हॉर्नच्या रिलेकडून येते आणि तिच्यात कायम करंट असतो. बटण दाबलं की ती तार शाफ्टमार्फत बॉडीला टेकते, म्हणजे अर्थ होते, रिले ओढला जातो आणि हॉर्न वाजतो. यातून दोन गोष्टी निघतात. त्या तारेचा संपर्क हबच्या धातूला चुकून टेकला तर हॉर्न थांबतच नाही. आणि शाफ्टला बॉडीपर्यंत अर्थ मिळत नसेल तर हॉर्न वाजतच नाही.

दुसऱ्याचं कारण सहसा खाली असतं. कॉलम आणि स्टिअरिंग बॉक्सच्या मध्ये रबरी कपलिंग आहे. रबरातून करंट जात नाही, म्हणून तिथे अर्थची वाट वेगळी दिलेली असते. ती तुटली किंवा नवं कपलिंग टाकताना विसरली, तर वर कितीही उत्तम बटण लावा, उपयोग नाही. मल्टीमीटर शाफ्ट आणि बॉडी यांच्यात लावून बघा. जवळजवळ शून्य ओहम आला पाहिजे.

इंडिकेटर आपोआप परततो तो कॉलमच्या वरच्या प्लास्टिकच्या कॅममुळे. व्हीलच्या किंवा हबच्या मागचा भाग त्या कॅममध्ये अडकून तो फिरवतो. हब घेण्याआधी मूळ व्हीलची मागची बाजू आणि हबची मागची बाजू शेजारी ठेवून फोटो काढा. खाचा आणि खुंट्या जुळतात का ते घरीच कळतं. पन्नास वर्षांचा कॅम ठिसूळ झालेला असतो, व्हील काढलंच आहे तर तोही बदलून टाका. किंमत नगण्य आहे.

हातात कसं लागतं

आता रूप. चामडं हाताला सर्वांत छान, पण आमच्या उन्हात काळं चामडं जून महिन्यात हात लावू देत नाही. ट्रक उघड्यावर उभा राहत असेल तर तपकिरी किंवा राखाडी घ्या. लाकडी कडं या ट्रकांत मनापासून शोभतं. वार्निश उन्हाने उडतं, ते वेळोवेळी करावं लागेल. चकचकीत पॉलिश केलेले आरे दुपारच्या उन्हात डोळ्यांवर तिरीप मारतात, त्यापेक्षा मॅट किंवा ब्रश केलेलं ॲल्युमिनियम घ्या. जाडीबद्दल एकच कसोटी: मूठ वळल्यावर अंगठा बोटांच्या पेरांना सहज टेकावा. मूळ बारीक कड्याची सवय असलेल्यांना जाड कडं सुरुवातीला आवडतं आणि तासाभराने हात अवघडतो.

काढणं आणि बसवणं

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. पुढची चाकं सरळ करा. हॉर्नची टोपी काढा आणि आतल्या स्प्रिंग, वॉशर, इन्सुलेटर यांचा क्रम फोटोत घ्या. नट सोडवा, पण पूर्ण काढू नका, शाफ्टच्या टोकाशी दोन-तीन आट्यांवर राहू द्या. व्हील एकदम सुटलं तर ते नटावर अडेल, तोंडावर येणार नाही. शाफ्टवर आणि हबवर आधीची रेघ नसेल तर सरळ स्थितीची खूण रंगाने करा.

मग पुलर, म्हणजे व्हील ओढून काढायचं अवजार. जीएमच्या बहुतेक व्हील्सच्या हबमध्ये ५/१६ इंच जाडीचे, इंचाला १८ आटे असलेले दोन बोल्ट बसतात. पुलरचा मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर टेकवून हळूहळू आवळा. दोन्ही बोल्ट सारखेच आत गेले पाहिजेत, पण इतके खोल नकोत की मागच्या कॅमला किंवा इंडिकेटरच्या स्विचला लागतील. व्हील हलत नसेल तर भेदक तेल टाकून रात्रभर थांबा. हातोडा नको. टोकावर हातोडा मारला की शाफ्टचे आटे पसरतात, बेअरिंगला खड्डे पडतात, आणि आत दबणारा कॉलम बसवलेला असेल तर त्यातले प्लास्टिकचे जोड तुटतात. तो कॉलम मग टक्करीत काय करेल याचा भरवसा नाही.

नवा हब बसवण्याआधी बॉक्सचा मध्य शोधा. पुढचा भाग जॅकवर उचलून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्हीलचे फेरे मोजा आणि निम्मे परत या. या मध्यावर बॉक्सची जुळणी सर्वांत घट्ट असते आणि सरळ रस्त्यावर ट्रक तिथेच राहायला हवा. हब त्या स्थितीत सरळ बसवा. ३६ स्प्लाइन म्हणजे प्रत्येक खाच १० अंशांची. पाच अंशांपर्यंतचा तिरकेपणा खाच बदलून जाणार नाही, तो टाय रॉडच्या स्लीव्हने काढायचा: एका बाजूला जेवढं आखूड तेवढंच दुसऱ्या बाजूला लांब, म्हणजे टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल) तसाच राहतो. व्हील तिरकं दिसतं म्हणून बॉक्सला मध्यापासून हटवून चालवू नका.

नट टॉर्क पान्यानेच आवळा. जीएमच्या अनेक कॉलमना ३० फूट-पाउंडांच्या आसपास सांगितलेलं असतं, तरी तुमच्या कॉलमच्या शॉप मॅन्युअलमधला आकडा अंतिम. व्हीलचे छोटे बोल्ट एकाआड एक, समोरासमोर आवळा, निळं थ्रेड लॉकर (आटे सैल होऊ न देणारं द्रव) लावून. नट आणि शाफ्टवर मिळून रंगाची एक बारीक आडवी रेघ ओढा.

बॅटरी जोडल्यावर ट्रक जागेवरच ठेवून व्हील दोन्ही टोकांपर्यंत फिरवा आणि प्रत्येक पाव फेऱ्याला हॉर्न दाबा. एखाद्याच जागी वाजत नसेल तर संपर्काचा कडा मळलेला किंवा वाकडा आहे. इंडिकेटर दोन्ही बाजूंनी परततो का बघा, काही घासल्याचा आवाज येतो का ऐका. मग रिकाम्या मैदानात सावकाश वळणं घ्या, आणि शेवटी रस्त्यावर. पहिल्या आठवड्याभराच्या वापरानंतर टोपी काढून ती रंगाची रेघ पाहा. नटावरची आणि शाफ्टवरची रेघ एका ओळीत नसेल तर नट सरकला आहे: ट्रक उभा करा, हब काढून स्प्लाइन तपासा आणि नवा नट टाका.